डोळे मिटून ऐकणारी मुले

(पेण आणि रोहा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गांत केलेल्या भाषणाचा संकलित मजकूर)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाला अभ्यासवर्गात बोलावले, की तो महागाई, अंदाजपत्रक किंवा भूसंपादन यांपैकी एखाद्या विषयावर बोलेल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज मी एका अमेरिकन रॉक गाण्याचा अर्थ लावणार आहे. समोर बसलेल्या काही ज्येष्ठ मित्रांच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसते आहे आणि मागच्या रांगेतील तरुण मित्र हसत आहेत. दोघांनाही मी एवढेच सांगतो, की विषय सोडून मी कोठेही जाणार नाही. त्या गाण्यातील प्रश्न आपल्या आजूबाजूच्या हजारो घरांतील प्रश्न आहे. आपल्या चळवळीने मात्र तो आजवर बहुधा उंबरठ्याबाहेरूनच पाहिला आहे.

गाण्याचे नाव ‘वंडरफुल’. अमेरिकेतील ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरातील ‘एव्हरक्लिअर’ या वाद्यवृंदाने ते २००० साली प्रसिद्ध केले आणि ते त्या देशात फार लोकप्रिय झाले. ते लिहिणारा व गाणारा आर्ट अलेक्साकिस याचे वडील त्याच्या लहानपणीच घर सोडून गेले होते आणि तो लॉस एंजेलिसमधील गरिबांसाठी बांधलेल्या सरकारी वसाहतीत वाढला. म्हणजे चंगळवादी संस्कृतीचे फळ म्हणून हे गाणे बाजूला सारावे, अशी त्याच्या जन्माची कथा नाही. गाण्यातील ‘मी’ हे एक लहान मूल आहे. त्याचे आईवडील भांडतात, ओरडतात, एकमेकांना वाईट शब्द बोलतात आणि पुढे त्यांचा संसार मोडतो. ते मूल हे सारे ऐकते आणि आपल्या परीने त्याचा अर्थ लावते. गाणे एवढेच आहे. परंतु कान देऊन ऐकले तर त्यातून चार गोष्टी हाती येतात.

मूल काय सांगते?

पहिली गोष्ट अशी, की हे मूल कोणालाही दोषी ठरवत नाही. आईवडील एवढे का रागावतात, याचे कारण त्यांनीच शोधून काढावे, एवढी त्याची इच्छा आहे. मोठी माणसे भांडण कोणी सुरू केले हे विचारतात. मूल भांडण का होते हे विचारते. शास्त्रीय दृष्टीने पाहता मुलाचा प्रश्न अधिक योग्य आहे.

दुसरी गोष्ट, ते मूल डोळे मिटते. मनातल्या मनात दहा अंक मोजावेत आणि डोळे उघडताच सगळे पूर्ववत व्हावे, असे त्याला वाटते. हा बालिश खेळ नव्हे. जी परिस्थिती आपल्या हाती नाही ती आपण काहीतरी केल्याने पालटेल, अशी आशा मुले धरतात. या आशेला दुसरी बाजूही असते. परिस्थिती पालटली नाही, तर आपलेच काहीतरी चुकले असावे, असे मूल समजते. घरातील तंट्याचा अपराध स्वतःच्या माथी घेणारी मुले शिक्षकांना आणि समुपदेशकांना नित्य भेटतात.

तिसरी गोष्ट शाळेची आहे. मूल शाळेत जाते, खेळते, मित्रांना कळू नये म्हणून मोठ्याने हसते. शाळा सुटल्याची घंटा होते तेव्हा मात्र त्याला घरी जावेसे वाटत नाही. सभागृहात जिल्हा परिषद शाळांतील काही शिक्षक बसले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. घंटा झाली की मुलांनी वर्गाबाहेर धूम ठोकावी, हा निसर्गनियम आहे. जे मूल दप्तर भरायला रोज वेळ लावते, फळा पुसायला मागे थांबते, गुरुजींच्या सायकलीजवळ घोटाळते, ते नेहमीच अभ्यासू असते असे नाही.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गाण्याचे शीर्षक हाच त्यातील कळीचा शब्द आहे. आपल्या भाषेत त्याला ‘सगळं छान होईल’ असे म्हणता येईल. गाण्याच्या आरंभी हा शब्द मुलाला धीर देतो. पुढे तोच शब्द मोठ्या माणसांच्या तोंडी येतो, तेव्हा त्यांच्या ओठांवर हसू आणि डोळ्यांत पाणी असते. मुलाला हे कोडे सुटत नाही. शेवटी ते विनवते, की आता सगळे छान आहे असे मला सांगू नका. मोठा झालास की कळेल, हेही त्याला ऐकायचे नाही. म्हणजे जो शब्द दिलासा म्हणून आला, तोच अखेरीस खोटेपणाचा पुरावा ठरतो. भांडणाने मुलाला दुखावले हे खरेच. पण त्याच्या डोळ्यांदेखत जे घडले ते घडलेच नाही, असे त्याला सांगितले गेले, हे दुखणे अधिक खोलवर गेले. न्यायालयात एखाद्या साक्षीदाराची साक्ष नोंदवूनच घेतली नाही, तर आपण त्याला अन्याय म्हणतो. घरोघरी मुलांच्या बाबतीत हेच घडते.

एक सोयीस्कर अर्थ

या गाण्याचा एक सोपा अर्थ लावला जातो आणि तो आपल्याकडे लगेच उचलला जाईल, म्हणून त्याचा विचार येथेच करतो. तो अर्थ असा: मुलाला जुने घर हवे आहे, नवा डाव मांडायची त्याची इच्छा नाही, तेव्हा आईवडिलांनी काहीही झाले तरी एकत्र राहावे. कॅलिफोर्निया राज्याने १९६९ साली परस्परांवर दोषारोप सिद्ध न करता घटस्फोट घेण्याचा कायदा केला आणि पुढे इतर राज्यांनी तो मार्ग धरला. त्या कायद्यांचे विरोधक मुलांच्या दुःखाचाच दाखला देत आले आहेत. आपल्याकडे तर कायद्याचीही गरज लागत नाही. मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला आई, मावशी, शेजारीण, गावचे प्रतिष्ठित पुढारी सारे एकच वाक्य ऐकवतात: ‘मुलांकडे बघून सहन कर.’

मुलाने हे म्हटले आहे काय? गाणे पुन्हा ऐकावे. मुलाला हवे आहे ते पूर्वीचे आयुष्य, आणि त्या आयुष्याची खूण म्हणून त्याला आठवते ती खोलीच्या दारावर लावलेल्या आवडत्या चित्रपटाची भित्तिचित्रे. आरडाओरडा त्याला परत नको आहे. त्याला स्थैर्य हवे आहे, रोजच्या ओळखीच्या वस्तू हव्या आहेत, उद्याचा भरवसा हवा आहे. हे स्थैर्य विवाह टिकवून मिळेल की मोडून, याचा निर्णय ते मूल देत नाही आणि त्याच्या वयाला तो मागणेही योग्य नव्हे. तेव्हा विवाह मोडावा असे हे गाणे सांगते, असे मी म्हणणार नाही. परंतु आपला निवाडा मुलाच्या तोंडी घालण्याचा अधिकार सहन करण्याचा उपदेश करणाऱ्यांनाही नाही.

आपल्या समाजात संसार मोडतो तेव्हा त्याची नोंदसुद्धा बहुधा होत नाही. बाईला माहेरी धाडले जाते आणि परत नेले जात नाही, एवढेच. अशा ‘टाकलेल्या’ स्त्रियांचा प्रश्न समता आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी संगमनेर भागात संघटितपणे हाती घेतला. निशा शिवूरकर यांनी ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ या पुस्तकात त्याची हकीगत लिहिली आहे. ते प्रत्येक शाखेत वाचले गेले पाहिजे. त्या स्त्रियांबरोबर त्यांची मुलेही टाकली जातात, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

मुलाला न दिसणारे

आता या गाण्याची मर्यादा सांगतो. मुलाला दोन रागावलेली माणसे दिसतात. त्या दोन माणसांचे बळ सारखे आहे की नाही, हे त्याला दिसत नाही. घर कोणाच्या नावावर आहे, पगार कोणाच्या हाती पडतो, घरातून निघून जायचे झाले तर कोणाला जागा आहे आणि कोणाला नाही, या गोष्टी पाच-सात वर्षांच्या मुलाच्या नजरेच्या टप्प्याबाहेर असतात. म्हणून त्याची साक्ष खरी असली तरी अपुरी आहे. ती पुरी करण्याचे काम अर्थशास्त्राने करायला हवे.

परंतु अर्थशास्त्रानेही दीर्घकाळ डोळेच मिटले होते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात कुटुंब हे एक एकक धरले जाते. आत काय वाटप होते, कोण जेवतो आणि कोण उपाशी राहतो, हे विचारले जात नाही. गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९८१ साली कुटुंबावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात कुटुंबप्रमुख सर्वांच्या हिताची काळजी वाहतो, या गृहीतकावर बराच डोलारा उभा आहे. अमर्त्य सेन यांनी १९९० साली दाखवून दिले, की कुटुंबात सहकार्य आणि संघर्ष ही दोन्ही एकाच वेळी नांदतात, आणि ज्याला घराबाहेर आधार कमी त्याला घरातल्या वाटाघाटीत पड खावी लागते. शेतकरी-कामगारांमध्ये काम करणाऱ्यांना हे समजणे अवघड नाही. ज्या मजुराला दुसरीकडे काम मिळत नाही, तो मालकाशी कोणत्या अटीवर बोलतो, हे आपण जाणतोच.

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत हे प्रत्यक्ष कसे दिसते? पेण, हमरापूर, जोहे या भागातील गणपतीचे कारखाने जगप्रसिद्ध आहेत. साच्यातून निघालेली मूर्ती घासणे, रंगवणे, डोळ्यांची आखणी करणे या कामांत अनेक घरांतील सारी माणसे गुंतलेली असतात. चतुर्थीच्या आधीचे महिने दिवसरात्र काम आणि नंतर हातात पैसा कमी, अशी उत्पन्नाची भरती-ओहोटी चालते. खाडीकाठच्या गावांत खारबांध फुटला, की भातशेतीत खारे पाणी शिरते आणि वर्षाचे पीक जाते. रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार पाळ्यांत काम करतात. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपतो आणि एका खोलीच्या घरात मुलांनी आवाज न करता जगायचे असते. या प्रत्येक ठिकाणी भांडणाला निमित्त तयारच असते: संपलेला शिधा, थकलेले भाडे, उधारी, दारू.

सर्वांत बिकट स्थिती कातकरी बांधवांची आहे. पावसाळ्यात घरी काम नसते तेव्हा ठेकेदार उचल देतो. ती बहुधा पुरुषाच्या हाती पडते आणि बऱ्याच वेळा दिवाळीपूर्वीच संपते. दिवाळीनंतर सारे कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जाते आणि ती उचल नवरा, बायको व हाताशी आलेली मुले मिळून फेडतात. कर्जदार एक, फेडणारे सर्व, आणि हिशेबाला बसणारा पुन्हा एकच. या हिशेबातून जे तंटे होतात ते भट्टीवरच्या खोपटात होतात. अमेरिकन गाण्यातल्या मुलाला निदान स्वतःची खोली आहे, तिला दार आहे आणि त्या दारावर भित्तिचित्र आहे. भट्टीवरच्या मुलाला डोळे मिटता येतात, दार लावून घेता येत नाही.

परंतु येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. गरिबी आहे म्हणून मारहाण आहे, गरिबी गेली की मारहाणही जाईल, असे एक समीकरण आपल्या विचारात रुजलेले आहे. ते अर्धेच खरे आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे पाव स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. देशाचे प्रमाण २९ टक्क्यांच्या आसपास होते. संपन्न घरांत हे प्रमाण कमी होते, पण नाहीसे होत नाही. गरिबीमुळे भांडणाला निमित्त मिळते. हात उगारण्याची मुभा मात्र दुसरीकडून येते. कारखान्यात मुकादमाचे बोलणे खाऊन आलेला माणूस मुकादमावर हात उगारत नाही. तो घरी येऊन बायकोवर उगारतो. म्हणजे राग अनावर झाला होता, हे खरे नव्हे. तो कोठे आवरायचा आणि कोठे सोडायचा, हे त्याला पक्के ठाऊक असते.

ही मुभा कशाने कमी होते, याचे एक उत्तर केरळमध्ये मिळाले. प्रदीप पांडा आणि बिना अगरवाल यांनी तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रियांच्या नावावर जमीन नाही आणि घरही नाही, त्यांच्यापैकी ४९ टक्के स्त्रियांनी शारीरिक मारहाण सोसली होती. ज्यांच्या नावावर दोन्ही होते, त्यांच्यात हे प्रमाण ७ टक्के होते. हिंसा रोखण्याच्या साऱ्या सुभाषितांपेक्षा हे दोन आकडे मला अधिक बोलके वाटतात. आपल्या पेण तालुक्यात सप्टेंबर २००८ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्राबाबत गावागावांतून कौल घेतला गेला, ही आपल्या लढ्यातील अभिमानाची गोष्ट आहे. परंतु मत विचारले गेले ते जमीनधारक शेतकऱ्यांचे. ज्या घरात सातबाऱ्यावर एकट्या नवऱ्याचे नाव, त्या घरातील बाईने बांधावर आयुष्य काढले असले तरी कागदाच्या लेखी ती कोणीच नव्हती.

आईची साक्ष

मुलाची साक्ष अपुरी म्हटली, तर आईची साक्ष कोठे आहे? ती आपल्या भाषेत शेकडो वर्षे आहे. पहाटेच्या अंधारात जाते ओढणाऱ्या बायांनी ती ओव्यांतून सांगितली. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सह्याद्रीच्या पलीकडील मुळशी-मावळ भागापासून सुरुवात करून, अनेक सहकाऱ्यांच्या मदतीने महाराष्ट्रातील गावागावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत विठ्ठल आहे, भाऊ आहे, माहेर आहे. त्याचबरोबर सासुरवास आहे, नवऱ्याचा मार आहे आणि बाईच्या जन्माविषयीचा उघड संताप आहे. जे माणसांना सांगता येत नव्हते, ते बाईने जात्याला सांगितले.

दळताना अनेकदा तिच्या मांडीवर मूल झोपलेले असे. ते खरोखरच झोपलेले होते काय? आपण आजवर ओवी गाणारीकडे लक्ष दिले, मांडीवरच्या त्या श्रोत्याकडे दिले नाही. ‘वंडरफुल’ हे गाणे मला महत्त्वाचे वाटते ते याच कारणासाठी. ओवीत आई बोलते आणि मूल गप्प असते. रॉक गाण्यात मूल बोलते आणि आई डोळ्यांत पाणी घेऊन हसते. दोन्ही एकत्र ऐकले म्हणजे घराचे चित्र पुरे होते. मुलाला जे हसू खोटे वाटले, त्याच्यामागे काय होते, ते ओवी सांगते. आणि पोराला काही कळत नाही, ही आईची समजूत किती चुकीची होती, ते हे गाणे सांगते.

पिठाची गिरणी आली आणि बाईचे कष्ट वाचले, हे उत्तम झाले. पण जात्याबरोबर तिची बोलण्याची जागाही गेली. ती जागा भरून काढण्याचा प्रयत्न स्त्रीमुक्ती चळवळीने केला. पुण्यात १९८२ साली मंजुश्री सारडा व शैला लाटकर यांच्या मृत्यूंनी समाज हादरला. त्यातून विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच उभा केला आणि ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगावी नेले. ते पाहायला आलेल्या स्त्रिया आपापल्या हकिगती सांगू लागल्या. १९८३ साली नवऱ्याच्या व सासरच्या क्रूर वागणुकीबद्दल दंडविधानात ४९८-अ हे कलम आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच तरतूद ८५व्या कलमात आहे. या साऱ्या लढ्यात बाईला बोलण्याची जागा काही प्रमाणात मिळाली. मुलाला ती अजून मिळालेली नाही.

आणि त्याचे मौन पुढच्या पिढीत उगवते. २००५-०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले, की ज्या स्त्रियांनी लहानपणी वडिलांना आईला मारताना पाहिले होते, त्यांना स्वतःच्या संसारात मार सोसावा लागण्याचे प्रमाण इतरांच्या दुप्पट होते. याचा अर्थ असा नव्हे, की अशा घरातील प्रत्येक मुलगा मारकुटा निघतो किंवा प्रत्येक मुलगी मार खाते. हिंसा पाहून तिचा आयुष्यभर तिटकारा बाळगणारी माणसेही याच घरांतून येतात. परंतु जे रोज पाहिले आणि ज्याबद्दल कोणी कधी अवाक्षर काढले नाही, ते रीतीचे आहे असेच मूल समजते.

शेजारी काय करतो?

मुलाची आणि आईची साक्ष झाली. तिसरा साक्षीदार भिंतीपलीकडे असतो. पाश्चात्त्य गीतकारांनी त्यालाही सोडलेले नाही. सुझान व्हेगा या गायिकेचे ‘लुका’ हे गाणे १९८७ सालचे. त्यात वरच्या मजल्यावर राहणारा एक मुलगा शेजाऱ्याशी बोलतो, आणि रात्री काही ऐकू आले तरी विचारू नका, असे सुचवतो. दुसऱ्याच वर्षी ट्रेसी चॅपमन या कृष्णवर्णी गायिकेने ‘बिहाइंड द वॉल’ हे गाणे एकाही वाद्याच्या साथीशिवाय गायिले. त्यात भिंतीपलीकडून बाईचा आक्रोश ऐकणारी शेजारीण आहे, आणि उशिरा येणाऱ्या, आले तरी नवरा-बायकोच्या भांडणात पडणार नाही म्हणणाऱ्या पोलिसांबद्दलचा तिचा कडवट अनुभव आहे.

‘तो त्यांचा घरगुती प्रश्न आहे’, हे वाक्य अमेरिकेतही आहे आणि रोह्यातही आहे. याच जिल्ह्याच्या इतिहासाची आठवण येथे करून देतो. खोत आणि कूळ यांच्यातला व्यवहारही एके काळी त्या दोघांचा खाजगी मामला समजला जाई. खोताने किती धान्य न्यावे, यात तिसऱ्याने पडू नये, असेच शहाणे लोक म्हणत. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे संप केला, जमिनी पडीक ठेवल्या, उपासमार सोसली, आणि तो मामला सार्वजनिक करून दाखवला. जेथे एकाचे बळ दुसऱ्याच्या पाठीवर उमटते, तेथे खाजगी असे काही उरत नाही, हा धडा आपण या मातीतच शिकलो आहोत. डॉ. राममनोहर लोहियांनी सप्तक्रांतीच्या यादीत स्त्री-पुरुष समतेला पहिले स्थान दिले होते. ती यादी आपण अभ्यासवर्गांत पाठ म्हणतो. घरात शिरताना मात्र चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो.

आता काही कामे सांगतो.

पहिले काम कायदा समजून घेण्याचे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. मारहाणीबरोबर शिवीगाळ, मानसिक छळ आणि आर्थिक कोंडी यांनाही तो हिंसा मानतो. सामाईक घरात राहण्याचा हक्क तो स्त्रीला देतो, मग घर कोणाच्याही नावावर असो. मुलांच्या ताब्याबाबत आणि निर्वाहाबाबतही तो आदेश देऊ शकतो. चौथ्या कलमात तर शेजाऱ्याचीच तरतूद आहे: हिंसा घडते आहे असे वाटण्यास कारण असलेली कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि सद्हेतूने कळवणाऱ्यावर कसलेही दायित्व येत नाही. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. हे दोन्ही प्रत्येक शाखेच्या फलकावर कायमचे लिहिलेले असावे.

दुसरे काम मालकीचे. घरकुल योजनेतील घर स्त्रीच्या किंवा दोघांच्या नावे होते की नाही, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर पत्नीचे नाव लागले की नाही, हे आपण गावोगाव तपासले पाहिजे. भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी आपण मोर्चे काढतो. तो मोबदला संयुक्त खात्यात जमा व्हावा, ही मागणी त्याच निवेदनात का असू नये?

तिसरे काम भट्टीवरच्या मुलांचे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे; ती आपल्या तालुक्यांत मागून घेणे आणि तिच्यावर लक्ष ठेवणे हे संघटनेचे काम आहे. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याचा नियम आहे. तिची कागदोपत्री सही घेऊन बोळवण होऊ नये. तेथे दारूबद्दल, उचलीबद्दल बायका बोलतील, तर त्यात मुलांचेही बोलणे येईल.

चौथे काम सर्वांत अवघड, कारण ते आपल्याच घरातले आहे. जो कार्यकर्ता व्यासपीठावर शोषणमुक्तीची भाषा बोलतो आणि घरी हात उगारतो, त्याला संघटनेत पद असू नये. ‘कामाचा माणूस आहे, थोडे सांभाळून घ्या’, हे वाक्य मी अनेक सभांत ऐकले आहे. सांभाळून घ्यायचे कोणी? त्याच्या बायकोने आणि पोरांनी. म्हणजे चळवळीचा खर्च त्यांच्या पाठीवर टाकायचा. हा हिशेब कोणत्याही समाजवाद्याला मान्य होता कामा नये.

शेवटी एक साधी गोष्ट. आपल्या ओळखीच्या एखाद्या घरात असे काही घडले आणि तेथील मूल आपल्याकडे पाहू लागले, तर त्याला ‘काही नाही झालं रे, सगळं छान आहे’ असे सांगू नका. जे झाले ते झाले, ते चूक होते, त्यात तुझा काही दोष नाही, आणि आम्ही काहीतरी करणार आहोत, असे सांगा. यातले शेवटचे वाक्य खरे करून दाखवण्यासाठी संघटना लागते, आणि आपण येथे जमलो आहोत ते त्यासाठीच.